फरकाचा रकाना

नमुना नऊ, रकाना सहावा:
दोन्ही हत्यारांतील फरक, थोडक्यात.
जागा दोन बोटं.
साहेब म्हणाले, लिहा मोघम,
जुनी रिव्हॉल्व्हरं, गंजकी, नग दोन.
पण सही माझी होती.
म्हणून मुद्देमालाची पिशवी आणि हवालदार ऐनापुरे घेऊन
मी मिरजेत, सतारीच्या गल्लीत,
दस्तगीर शिकलगारांच्या ओट्यावर.

आज्यानं तलवारी पाजळल्या,
बापानं बंदुकांचे घोडे बसवले,
हे स्वतः सतारीचे पडदे बांधतात.
भोपळ्यांच्या ढिगाला पाठ टेकून
टोप्या नाहीत ना, हे आधी पाहिलं,
मग दोन हातांत दोन्ही धरली
तागडीसारखी.

"ही वरनं उघडी, बगा.
नळी नुसत्या एका पाचरीवर.
पाचर काढली की तीन तुकडं, पुसा, परत ठोका.
नेमाची खाच घोड्याच्याच डोक्यात,
म्हंजे घोडा ओढल्याबिगर नेम न्हाई.
आन् ह्या दुसरीला वरनं पट्टी,
घराला आढं असावं तशी.
मजबूत. पर काजळी लई धरती,
धा-बारा बार झालं की चकरी रुसून बसती.
उघडीचं दुखणं निराळं:
टोपीचं फुटकं तांबं आत पडतं, घोडाच अडतो.
म्हणून वर धरून झटकायची,
पाखरं हाकलल्यागत."

चांगली कुठली? मी विचारलं.
त्यांनी उत्तर दिलं नाही.
उघडीचा घोडा कानाशी नेऊन हळू ओढला,
जवारी ऐकावी तसा.
आत कुठं तरी तीनदा काहीतरी बोललं.
"हिचा सूर हाय अजून," ते म्हणाले,
आणि आतून चहा सांगितला.

मग बांबूची काडी घेतली.
उघडीच्या सहाही घरांत
काडी एकाच खुणेपर्यंत गेली.
पट्टीवालीच्या पाच घरांत गेली.
सहाव्यात अर्ध्यावर थांबली.

चहा आला होता. कुणी घेतला नाही.
ऐनापुरे उठून दारात जाऊन उभा राहिला.
म्हातारा काडीचं टोक हुंगत होता:
मेण, चरबी, वरून शंभरेक वर्षांची धूळ.
"उद्या या," म्हणाले,
"तेल मुरू द्या. घाई हिला चालत न्हाई."
उद्या कसं, हत्यार ठेवून जाता येत नाही.
रात्रभर मी आणि ऐनापुरे त्याच ओट्यावर,
पिशवी मध्ये,
आणि पलीकडं कुणीतरी
एकच तार लावतंय, उतरवतंय, लावतंय.

सकाळी गोळी निघाली
दुधाचा दात निघावा तशी, सहज.
दारू कालच्या पेपरावर ओतली,
वधू-वरांच्या पानावर, मोहरीएवढी काळी कणी.
चिमूटभर अंगणातल्या फरशीवर.
काडी.

भप्प.
पांढरा लोट, सडक्या अंड्याचा वास,
समोरच्या घरातलं पोर ओरडत बाहेर.
म्हातारा हसला नाही.
"कोरडी राखलीवती कुणीतरी,"
एवढंच म्हणाले, आणि गरम पाणी मागवून
दोन्ही नळ्या धुऊ लागले,
दोन्हींचं पाणी सारखंच काळं.

पंचनाम्यात एवढंच:
कवठेमहांकाळ, जुन्या पोस्टाचा माळा,
एका पोत्यात, बेवारस.
कुणी भरली, कुणासाठी,
पाच झाडून सहावी का ठेवली,
की आधी ह्या एकाच घरात भरली
आणि मग कुणी हाक मारली, जेवायला चल म्हणून...

बसमध्ये, विश्रामबागेच्या अलीकडं, ऐनापुरे म्हणाला,
मॅडम, त्यो मानूस बरा असंल.
मी म्हटलं, किंवा नेम चुकेल असं वाटलं असेल.
तो तिकिटाची घडी करत बसला.

रकाना सहामध्ये मी लिहिलं:
अ — घरे सहा, रिकामी सहा.
ब — घरे सहा, रिकामी पाच.
साहेबांनी विचारलं, आणि नळीची लांबी?
तीही लिहिली.

गोळीला मात्र वेगळा नंबर द्यावा लागला.
मुद्देमाल क्रमांक तीन.
शिसे, गोल, वजन नऊ ग्रॅम.
तुलनेचा रकाना: निरंक.